डावी बाही

चार वाजताच अंधारलं.
पोलंडातल्या या वूच शहरात नोव्हेंबर
दुपारीच रात्रीचं माप घेऊन ठेवतो.
बोझेनानं टेबलावरचे चहाचे ग्लास उचलले,
दिवा खाली ओढला
आणि पंचवीस वर्षं अंगावर वागवलेला राखाडी कोट
पहिल्यांदाच आतून पाहिला.

दिवसभर दातांच्या दवाखान्यात ती म्हणते,
तोंड उघडा, आणखी थोडं.
आत्ता ब्लेडच्या टोकानं टीप उसवतानाही
ओठांवर तेच येतं.
कोट मुकाट्यानं उघडत जातो.
खांद्यांतून चपटा झालेला कापूस निघतो,
खिशाच्या तळातून ट्रामचं तिकीट
आणि सूर्यफुलाच्या बियांची दोन टरफलं.

लहानपणी घरात मशीन नव्हतं.
तीन गल्ल्या सोडून हजार मशिनं होती
आणि आई तिथेच असायची.
"शिवण शिकायचं नाही," गेनोवेफा बजावायची,
"शिकलीस की बसवतील."

म्हणून हे सगळं पन्नाशीनंतर, जरा चोरूनच.
आधी उशीची खोळ.
मग एक विजार, एक पाय सुलटा, एक उलटा.
मग पडद्याचा घागरा,
तो पाहून दवाखान्यातली लुद्विका म्हणाली,
"छान दिसतेय खिडकी."

आता हा कोट.
कमरेपर्यंत आणायचा, कॉलर काढून टाकायची,
बाह्या बारीक करायच्या.
डावी कशीबशी बसली.
उजवी तीनदा लावली, तीनदा मुंढ्यापाशी चुण्या पडल्या.

रविवारी आई आली, बिटाच्या सुपाची बरणी घेऊन.
टेबल झाकायचं राहून गेलं होतं.
"शिकलीसच शेवटी," म्हणाली.
बरणी ठेवली, हात पुसले,
चष्मा न लावताच डाव्या बाहीवरून अंगठा फिरवला,
आणि काही न विचारता सर्रकन उसवली.
टाचण्या नाहीत, खडू नाही, धावदोरा नाही.
कापड बोटांनी थोडं थोडं आत ढकलत
मशीनखालून एका दमात फिरवलं.
खांदा असा गोल आला
की जणू आत कुणी उभं आहे.

बोझेनानं उजवी बाही पुढे केली.
आईचे हात थांबले.

"ही माझी नाही.
ही स्तेफानिया करायची, समोरच्या रांगेत."

सत्तावीस वर्षं.
फक्त डाव्या.
बाह्यांचा गठ्ठा इकडून यायचा, तिकडे जायचा.
अख्खा कोट दिसायचा तो ट्राममध्ये, दुसऱ्याच्या अंगावर,
आणि नजर आधी जायची
डाव्या खांद्यावर.

दिव्याखाली दोन डोकी जवळ आली.
डावी बाही उलटी करून उजवीशेजारी मांडली,
आरशात पाहावी तशी.
आईनं उजवी लावली. बोझेनानं कोट चढवला.
बाहीचं कोपर पुढे!
हात असा निघाला जणू मागच्या माणसाकडे
तिकिटाचे पैसे मागतोय.
एक्याऐंशी वर्षांची बाई हसत हसत
खुर्चीवर बसली, मग पुन्हा हसली,
मग ब्लेड मागितलं.

पाचव्या वेळी जमलं. चुण्या आहेत,
शोधल्या तर सापडतील अशा.
एव्हाना सूप गार झालं होतं.
ते तसंच प्यायलं, उभ्या उभ्या,
कारण टेबलावर जागा नव्हती.

नऊच्या ट्रामसाठी आई निघाली.
दारात मफलर गुंडाळता गुंडाळता थबकली,
वळून त्या कोटाकडे पाहिलं.
"खिसा कसा करतात गं?"

बोझेना म्हणाली, "मलाही येत नाही अजून."

"बरं," आई म्हणाली. "रविवारी येते."